पहिल्या विधानसभेचे नेते यशवंतराव चव्हाण



गुरुजींनी मला महाराष्ट्र दिनाच्या अंकासाठी एका थोर पुरुषाचे चरित्र लिहायला सांगितले. मी यशवंतराव चव्हाण निवडले. का ते सांगते.

आपल्या नवापूर स्टेशनावर एक बाकडे आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. माझ्या पणजीचे माहेर आता गुजरातेत आहे. आजोबा सांगतात, ती लग्न होऊन आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच तालुक्यात होते. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा नवापूर तालुक्यातली काही गावे तिकडे गेली. मग मला वाटले, हे नवे राज्य चालवायला कुणी घेतले आणि आपल्यासारख्या सरहद्दीवरच्या लोकांना त्याने काय दिले, ते बघावे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. वडील लवकर वारले. आई विठाबाई शिकलेल्या नव्हत्या. घरात गरिबी होती. तरी त्यांनी मुलाची शाळा सुटू दिली नाही. यशवंतराव कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. शिकता शिकताच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि १९३२ साली त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी पुस्तके पुन्हा हाती घेतली, बी. ए. झाले, मग वकील झाले. १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचे लग्न झाले आणि ऑगस्टमध्ये चळवळ पेटली. ते भूमिगत झाले. वेणूताईंनाही तुरुंगात जावे लागले.

१९४६ साली ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती मुलखाचे मिळून मोठे द्विभाषिक मुंबई राज्य झाले, त्याचे ते मुख्यमंत्री झाले. पण लोकांना मराठी भाषेचे वेगळे राज्य पाहिजे होते. त्या आंदोलनात शंभराहून जास्त माणसांनी प्राण दिले. यशवंतराव आंदोलनाच्या बाजूने उभे नव्हते, म्हणून लोक त्यांच्यावर फार रागावले होते. १९५७ च्या निवडणुकीत ते कसेबसे निवडून आले. पुढे द्विभाषिक राज्य चालणार नाही, हे त्यांनी दिल्लीला पटवून दिले. चरित्र लिहायचे तर हेही लिहिले पाहिजे, असे गुरुजी म्हणाले.

आता पहिल्या विधानसभेची गंमत ऐका. तिच्यासाठी वेगळी निवडणूक झालीच नाही! १९५७ साली द्विभाषिक राज्यात ३९६ आमदार निवडून आले होते. राज्याच्या वाटण्या झाल्या तशा आमदारांच्याही झाल्या. १३२ जागा गुजरातेकडे गेल्या आणि २६४ महाराष्ट्राकडे राहिल्या. सयाजी सिलम हे अध्यक्ष झाले आणि यशवंतराव पहिले मुख्यमंत्री. सभा मुंबईत भरे. १९६० च्या हिवाळ्यात ती नागपूरलाही भरली, म्हणजे विदर्भाच्या लोकांना परके वाटू नये.

त्या विधानसभेने केलेला एक कायदा आपल्या शाळेच्या पाटीवर आहे. रोज आपण त्याच्याखालून आत येतो, पण बघत नाही. पाटीवर पहिले दोन शब्द आहेत 'जिल्हा परिषद'. वसंतराव नाईक समितीने सुचवले, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, गावचे रस्ते यांचा कारभार मुंबईहून न होता जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या माणसांकडे आला. आपला भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा झाला. गरिबाघरच्या मुलांना फी माफ करण्याचे कामही यशवंतरावांच्याच कारकिर्दीत सुरू झाले.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा ते देशाचे संरक्षणमंत्री झाले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

आता शेवटचे. मी यंदा सातवी झाले. आमच्या घरी मला पुढच्या हंगामात ऊसतोडीला सोबत न्यायचे बोलणे चालू आहे. बाबांचा नाइलाज आहे, हे मला कळते. पण विठाबाईंचाही नाइलाजच होता, आणि त्यांच्या वेळी तर फीसुद्धा भरावी लागत होती. माझ्या बाबांना वाचता येत नाही. आज ते निकालाला आले की हे सगळे मी त्यांना इथेच उभी राहून वाचून दाखवणार आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!

एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी