डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

हुबळी-धारवाडचे नाव निघाले की संगीत आठवते, साहित्य आठवते. शल्यविद्येची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु प्रसूतिशास्त्राच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ज्यांचे नाव एका शस्त्रक्रियेला कायमचे जोडले गेले आहे, ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हुबळीच्या शाळेत शिकलेले होते. आपल्या महाविद्यालयाच्या वाचकांना ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून हा अल्पपरिचय.

शिरोडकरांचा जन्म 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातील शिरोडे या गावी झाला. गावावरूनच त्यांचे आडनाव पडले. त्या काळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. पणजीला 1842 पासून वैद्यकशाळा होती, पण तिची भाषा पोर्तुगीज. घाटावरचे हुबळी मात्र मुंबई इलाख्यात. तेथे रेल्वेचा मोठा कारखाना होता आणि मुरगाव बंदराहून लोंड्यामार्गे येणाऱ्या लोहमार्गाने गोव्याशी त्याचा संबंध जुळलेला होता. विठ्ठलचे शालेय शिक्षण हुबळीस झाले. वैद्यकाच्या अभ्यासासाठी हुबळीच्या विद्यार्थ्याला त्या वेळी दूर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते 1957 साली. शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. 1923 साली ते एम.बी.बी.एस. झाले आणि 1927 साली प्रसूती व स्त्रीरोग या विषयात त्यांनी एम.डी. मिळवली.

पोट भरण्यासाठी आणि लौकिकासाठीही एवढी पदवी पुरेशी होती. तरीही शिरोडकर इंग्लंडला गेले आणि 1931 साली एफ.आर.सी.एस. होऊन परतले. ही सर्वसामान्य शल्यविद्येची परीक्षा होय. तिच्यासाठी शरीररचनेचा काटेकोर अभ्यास लागतो. हर्निया, आतडी, हाडे या साऱ्यांची माहिती लागते. विलायतेत त्याच सुमारास स्त्रीरोगशास्त्र हे शल्यविद्येपासून वेगळे होऊ पाहत होते. या विषयाचे स्वतंत्र ब्रिटिश कॉलेज 1929 साली स्थापन झाले होते. शाखा मूळ खोडापासून फुटत असतानाच शिरोडकरांनी शाखा आणि खोड दोन्ही धरून ठेवली. पुढे त्यांच्या हातून जे कार्य झाले, त्याचे मर्म येथे आहे असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

परत आल्यावर ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मानद डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि पुढे 1940 नंतरच्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. जे. जे. आणि त्याला जोडलेले बाई मोतलीबाई रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी. मानद पद्धतीत नामांकित डॉक्टर सरकारी रुग्णालयात गोरगरिबांवर उपचार करीत, विद्यार्थ्यांना शिकवीत आणि आपला चरितार्थ खाजगी व्यवसायावर चालवीत. हाताखालचे हाऊसमन व रजिस्ट्रार त्यांच्या शेजारी उभे राहून शस्त्रक्रिया शिकत. उपशाखेच्या प्रशिक्षणाची वेगळी प्रमाणपत्रे तेव्हा नव्हती. गुरूचा विभाग हीच फेलोशिप असे.

या रुग्णालयांत अशा स्त्रिया येत, ज्यांची गर्भधारणा चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात निष्फळ होई आणि तेही पुनःपुन्हा. फारशा वेणा नाहीत, रोग दिसत नाही, मूल निकोप. आणि तरी ते जगण्यायोग्य होण्याआधीच बाहेर येई. आपल्या समाजात अशा स्त्रीच्या वाट्याला काय येत असे, हे सांगायला नको. नशीब, दृष्ट, पाप, पायगुण असे सगळे शब्द तिच्याच पदरात पडत. सवत घरात येण्याचे भयही असे. वैद्यकाचा उपाय म्हणजे बहुधा अंथरुणावर विश्रांती आणि औषधे, आणि त्यांचा गुण बेताचाच.

शिरोडकरांनी या प्रश्नाकडे शल्यविदाच्या नजरेने पाहिले. गर्भाशयाचे मुख नऊ महिने घट्ट मिटलेले असावे लागते. काही स्त्रियांत त्याचा आतला भाग दुबळा असतो. गर्भाचा भार वाढू लागला की तो गुपचूप उघडतो. म्हणजे दोष नशिबाचा नव्हे, ऊतींच्या बळाचा. पिशवीचे तोंड सैल असेल तर ते आवळून बांधावे, इतका सरळ विचार. पण बांधायचे कशाने आणि नेमके कोठे? त्यांनी रुग्णेच्याच मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंवर असलेल्या चिवट आवरणाची, म्हणजे फॅशिया लाटाची, पट्टी काढली. हे आवरण शल्यविदांना नवे नव्हते. टोरोंटोच्या गॅली व ल मेझ्युरिए यांनी 1921 सालीच हर्निया शिवण्यासाठी त्याचा वापर केला होता. शिरोडकरांनी योनीमार्गाने छेद घेऊन, मूत्राशय वर सारून, ती पट्टी गर्भाशयमुखाच्या आतल्या द्वाराच्या पातळीवर भोवताली फिरवून बांधली, आणि हे सारे गर्भारपण चालू असताना. दिवस भरत आल्यावर टाका काढून घेता येई किंवा सिझेरियन करून मूल बाहेर काढता येई. ही पद्धत त्यांनी 1955 साली ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय मासिकात प्रसिद्ध केली. जगाने तिला ‘शिरोडकर स्टिच’ हे नाव दिले. दोनच वर्षांनी, 1957 साली, मेलबर्नच्या मॅकडोनल्ड यांनी अधिक सोपा टाका सुचविला. आज दोन्ही पद्धती प्रचारात आहेत. फॅशियाची जागा मात्र कृत्रिम धाग्यांच्या फितीने घेतली आहे.

हा टाका म्हणजे सर्व गर्भपातांवरील रामबाण उपाय नव्हे. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत 1292 स्त्रियांचा अभ्यास झाला. 33 आठवड्यांपूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाण टाका घातलेल्यांत 13 टक्के, तर इतरांत 17 टक्के आढळले. म्हणजे ज्यांच्याविषयी डॉक्टरांना खात्री नव्हती अशा 25 स्त्रियांमागे एकीला लाभ. तेव्हा टाका घालण्याइतकेच तो कोणाला घालावा हे ओळखणेही महत्त्वाचे. हे ओळखणे पुस्तकातून पुरते येत नाही. त्याला अनुभवी गुरूजवळची उमेदवारी लागते.

शिरोडकरांच्या इतर शस्त्रक्रियांतही हेच सूत्र दिसते. अंग बाहेर येण्याच्या विकारात तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता, त्याला पट्टीने मागच्या हाडाशी आधार देण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केली. बंद पडलेल्या गर्भनलिका मोकळ्या करण्यावरही त्यांनी काम केले. कापून टाकण्यापेक्षा राखून ठेवण्याकडे त्यांचा ओढा होता. 1960 साली त्यांचा प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील योगदानावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच साली त्यांना पद्मभूषण मिळाले. भारतीय कुटुंबनियोजन संघटनेच्या संस्थापक सदस्यांतही ते होते. गर्भ टिकविणारा शल्यविद् संततिनियमनाचा पुरस्कर्ता कसा, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु यात विरोध नाही. हवे असलेले मूल स्त्रीला लाभावे आणि नको असलेल्या बाळंतपणांनी तिचे शरीर झिजू नये, ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत.

1971 साली त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी 7 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

आज सर्जन झाल्यावरही शिक्षण संपत नाही. एम.सीएच., राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या दोन वर्षांच्या फेलोशिपा, एकेका अवयवाचे स्वतंत्र तज्ज्ञ असा हा काळ आहे. कौशल्य सूक्ष्म व्हायचे तर हे आवश्यकच आहे. परंतु मांडीवरील आवरण गर्भाशयाच्या कामी येईल हे सुचायला मांडीही ठाऊक असावी लागते. विशेष ज्ञानाच्या वाटेला लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी, मग ते वैद्यकाचे असोत वा अन्य शाखांचे, मागे राहिलेल्या सामान्य ज्ञानाशी नाते तोडू नये, हाच हुबळीच्या या विद्यार्थ्याच्या चरित्राचा बोध होय.