हॅरिसनचं घड्याळ आणि नेटवर्क कार्डाची वेळ

नेटवर्क कार्डाच्या आत स्वतःचं एक घड्याळ असतं. अमुक पॅकेट अमुक क्षणीच वायरवर सोड, असं कार्डाला सांगायचं तर आधी ड्रायव्हरला ते घड्याळ वाचावं लागतं. मी असे ड्रायव्हर लिहितो, आणि टीममध्ये कुणी नवीन आलं की जॉन हॅरिसनपासून सुरुवात करतो.

1693 साली यॉर्कशायरमध्ये जन्मलेला हा माणूस पेशाने सुतार, घड्याळं बनवायला आपलं आपण शिकलेला. तेव्हा भर समुद्रात जहाजाचा रेखांश कळत नसे. 1707 मध्ये सिली बेटांजवळ इंग्रज आरमाराची चार जहाजं बुडाली. 1714 मध्ये संसदेने 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. हॅरिसनचा मार्ग सरळ होता: बंदराची वेळ सोबत न्यायची. तिथल्या वेळेत चार मिनिटांचा फरक म्हणजे एक अंश.

तीन अवजड यंत्रांनंतर 1759 मध्ये एच4 तयार झालं, फक्त 13 सेंटिमीटरचं. 1761 मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. 81 दिवसांनी चूक निघाली सुमारे 5 सेकंद! पण गंमत अशी, की घड्याळ खरं तर साडेतीन मिनिटांहून जास्त मागे पडलं होतं. ते रोज 2⅔ सेकंद मागे पडतं हे हॅरिसनला ठाऊक होतं. तेवढं मिळवल्यावर 5 उरले.

रोज 2⅔ सेकंद म्हणजे दहा लाखांत साधारण 31. साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलची चूकही याच घरातली, म्हणून आम्हीही कार्डाच्या घड्याळाची गती मोजून ती दुरुस्ती त्यालाच देतो. शिवाय वाचायलाही वेळ लागतो ना! म्हणून लिनक्समधले बरेच ड्रायव्हर कार्ड वाचायच्या आधी आणि नंतर सिस्टमची वेळ टिपतात. खरं उत्तर त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतं.

रेखांश मंडळाला मात्र पटलं नाही. ही गती आधी ठरवून दिली नव्हती, मग नशीबच म्हणायचं! मला हा आक्षेप तितका खोटा वाटत नाही. 1764 मध्ये बार्बाडोसच्या फेरीआधी गती जाहीर केली. 47 दिवसांत चूक 39 सेकंद, अटीत आरामात बसणारी. तरी निम्मेच पैसे मिळाले, तेही घड्याळ उघडून दाखवल्यावर. उरलेल्यासाठी थेट राजापर्यंत जावं लागलं. 1773 मध्ये संसदेने 8,750 पौंड दिले, तेव्हा तो 80 वर्षांचा होता. तीन वर्षांनी तो गेला.

एच4 आज ग्रिनिचमध्ये आहे. झिजू नये म्हणून ते चालवत नाहीत.