विश्लेषण : रिओचे उजाड डोंगर पुन्हा हिरवे करणारे मेजर आर्चर कोण होते?

ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहराच्या मधोमध तिजुका हे घनदाट जंगल आहे. कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा प्रसिद्ध पुतळा याच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो. पाहणाऱ्याला हे जंगल मूळचेच वाटते. प्रत्यक्षात दीडशे वर्षांपूर्वी यातील बरेच डोंगर बोडके होते. त्यांवर पुन्हा झाडे उभी करण्याचे काम मेजर मानुएल गोमेस आर्चर यांच्याकडे सोपवण्यात आले होते.

जंगल नाहीसे कसे झाले?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिजुकाच्या उतारांवर कॉफीचे मळे पसरले. त्यासाठी आणि कोळसा, लाकडासाठी झाडे तोडली गेली. माती वाहून गेली आणि झरे आटू लागले. रिओचे पिण्याचे पाणी याच डोंगरांतून येत असे. १८४०च्या दशकात दुष्काळ पडल्यावर राजधानी पाण्याविना हवालदिल झाली. पुढे सरकारने झऱ्यांभोवतीच्या जमिनी ताब्यात घेण्यास सुरुवात केली. सम्राट दुसरे पेद्रो यांच्या कारकिर्दीत डिसेंबर १८६१ मध्ये वनलागवडीचा आदेश निघाला आणि आर्चर यांची नेमणूक झाली.

आर्चर यांनी काय केले?

आर्चर वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हते. रिओजवळच्या ग्वाराचिबा भागात त्यांची शेती होती आणि झाडांची जाण त्यांना अनुभवातून आली होती. १८६२ च्या सुरुवातीला लागवड सुरू झाली. आधी झऱ्यांचे काठ, मग वरचे उतार असा क्रम ठरला होता. आसपासच्या शिल्लक जंगलातून आणि ग्वाराचिबाहून प्रामुख्याने स्थानिक झाडांची रोपे आणली गेली. झटपट वाढणारे एकच झाड सगळीकडे लावण्याचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही. म्हणूनच तिथे मळ्याऐवजी जंगल उभे राहिले.

१८७४ मध्ये आर्चर यांनी हे काम सोडले. त्यांच्यानंतर आलेल्या बॅरन एस्क्रान्योल यांनी लागवडीसोबत बागा, पायवाटा आणि पर्यटकांसाठी सोयी केल्या. दोघांच्या काळात मिळून लावलेल्या झाडांची संख्या सुमारे एक लाख मानली जाते. जिथे मूळ जंगल जवळ होते, तिथे निसर्गानेही आपणहून बराच भाग भरून काढला.

श्रेय कोणाचे?

सुरुवातीला आर्चर यांच्या हाताखाली सहा जण होते : एल्युतेरियो, कॉन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लिओपोल्दो आणि मारिया. हे सहाही जण गुलाम होते. पगारी मजूर नंतर आले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर उजाड करताना राबले तेही गुलामच आणि ते हिरवे करण्याची सुरुवात झाली तीही गुलामांच्याच श्रमांवर. आर्चर यांचे चरित्र या सहा नावांशिवाय पूर्ण होत नाही.

आजची स्थिती काय?

१९६१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१२ मध्ये रिओच्या डोंगर-सागर परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात तिजुकाही आहे. मात्र झाडे परतली तरी सगळे प्राणी परतले नाहीत. बिया जमिनीत पुरून ठेवणारा अगुती हा कृंतक प्राणी २०१० पासून आणि हाउलर माकडे २०१५ पासून तिथे पुन्हा सोडण्यात आली.

आणखी एक अडचण आपल्या ओळखीची आहे : फणस. मूळचा पश्चिम घाटातला हा वृक्ष पोर्तुगीजांमार्फत ब्राझीलला पोहोचला. कोकणात तो घरचा आहे, पण तिजुकात तो स्थानिक रोपांची जागा बळकावतो आणि उद्यानाला तो काढावा लागतो. झाड कितीही गुणाचे असले, तरी ते कुठल्या मातीत लावायचे हे आधी पाहावे लागते. आर्चर यांनी जवळच्याच जंगलातली रोपे निवडली, त्याचे महत्त्व इथे कळते.