तळपदे यांचे विमान आणि इंजिनाची धग

मुंबईत कोणी घरच्या घरी विमान बांधायला घेतले की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले, २०१६च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांपुढे आले आणि २०१७मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. पण त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, वर्सोव्याला केवळ कोळीवाडा होता आणि शेजारच्या जुहूला विमानतळ व्हायचा होता, त्या काळात चिराबाजारातला एक चित्रकला शिक्षक आकाशात जाण्याचा ध्यास घेऊन बसला होता. त्याचे पुढे काय झाले याविषयी जेवढे ठामपणे बोलले जाते, तेवढे ठाम पुरावे मात्र नाहीत.

तळपदे यांचा जन्म १८६४चा, चिराबाजार परिसरातील दुक्करवाडीतला. ज्ञाती पाठारे प्रभू. मुंबईच्या जुन्या, शिकल्यासवरलेल्या समाजांपैकी एक. सर जमशेटजी जीजीभाई कला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते शिकवू लागले. याच विद्यालयात चिरंजीलाल वर्मा या गुरूंमुळे प्राचीन विमानविद्येच्या कल्पनेशी त्यांची गाठ पडली. वर्मा यांच्या सांगण्यावरून त्यांनी स्वामी दयानंद सरस्वतींचे वेदभाष्य अभ्यासले, संस्कृतचा व्यासंग वाढवला आणि वैदिक धर्माच्या प्रचारकार्यात ते रमले. एकीकडे हातात कारागिरी, दुसरीकडे मनात वेदांविषयीची अढळ श्रद्धा, असा हा गृहस्थ होता. त्या पिढीत असे पुष्कळ होते. परक्या सत्तेखाली दबलेल्या मनाला आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते या विचाराचा मोठाच आधार वाटत असे, हे लक्षात घेतल्याशिवाय तळपदे समजत नाहीत.

यानंतर दंतकथा सुरू होते. १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे विमान तयार केले, चौपाटीवर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यासमक्ष ते दीड हजार फूट उंच उडाले आणि खाली कोसळले, असे सांगितले जाते. विमानात माणूस नव्हता, सांगाडा बांबूचा होता आणि ते पाऱ्याच्या शक्तीवर चालले, असा तपशीलही त्यात असतो. रानडे त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि शहरात इंग्रजी-मराठी वृत्तपत्रांची मुळीच वानवा नव्हती. तरीही या उड्डाणाचा त्या काळातला एकही विश्वासार्ह वृत्तांत पुढे आलेला नाही. कहाणीचे जे रूप आज सर्वत्र फिरते, ते पुष्कळ नंतरच्या लेखनातून आलेले आहे.

पुराव्याचा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी घरी विमान बांधणारा कोणीही हौशी माणूस वेगळाच प्रश्न विचारील: इंजिन कोठे होते, आणि त्याची धग कशाने अडवली होती?

प्रश्न साधा वाटतो, पण विमान बांधणाऱ्याच्या झोपेचे खोबरे तोच करतो. आजच्या छोट्या विमानाच्या इंजिनातून बाहेर पडणारा वायू सातशे ते साडेआठशे अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी घटू लागते. इंजिनावरचे आवरण, म्हणजे काउलिंग, काचतंतू आणि राळेचे असेल तर ती राळ शंभर अंशांच्या आसपासच नरम पडू शकते. आणि एक्झॉस्ट पाइप या आवरणापासून जेमतेम चार बोटांवरून जातो. सिलिंडरना वारा मिळावा म्हणून पत्र्याचे आडपडदे लावून हवा नेमकी त्यांच्यावरून वळवावी लागते आणि तापलेली हवा बाहेर पडायला पुरेशी मोठी वाट ठेवावी लागते. पाइपावरून थेट फेकल्या जाणाऱ्या धगेसाठी काउलिंगच्या आतल्या बाजूस चकचकीत अॅल्युमिनियमचा वर्ख, त्याखाली चिनीमातीच्या तंतूंचे अस्तर, किंवा थोडे अंतर राखून बसवलेला पातळ पोलादी पत्रा लावतात. मधली मोकळी हवा हीच सर्वांत हलकी ढाल असते. इंजिन आणि चालक यांच्यामध्ये आणखी एक अग्निरोधक भिंत लागते. तिच्यासाठी सुमारे ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा ही कित्येक वर्षांची मान्य रीत आहे. यातली प्रत्येक वस्तू वजन वाढवते, आणि घरगुती विमानाला वजनाचाच सर्वांत मोठा जाच असतो.

तळपद्यांच्या काळात तर हे संकट दुप्पट होते. विमानासाठी जे इंजिन हाताशी होते ते वाफेचे. म्हणजे लाकूड-कापडाच्या सांगाड्यात बॉयलर आणि जळती भट्टी ठेवायची. फ्रान्समध्ये क्लेमां आदेर याने ९ ऑक्टोबर १८९० रोजी वाफेच्या इंजिनावर सुमारे पन्नास मीटरची उडी मारली, तीही जमिनीपासून वीतभरच वर. मशीनगनचा जनक हिराम मॅक्झिम याचे इंग्लंडमधील अवाढव्य यंत्र साडेतीन टनांच्या घरात होते. प्रत्येकी १८० अश्वशक्तीची दोन इंजिने लावूनही ३१ जुलै १८९४ रोजी ते रुळांवरून थोडेसे उचलले गेले आणि मोडले. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली याचे मानवरहित वाफेचे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर गेले. त्याचे साक्षीदार होते टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल, आणि बेल यांनी नुसते पाहिले नाही, छायाचित्रेही घेतली. चौपाटीच्या कहाणीत असा बेल नाही.

राइट बंधूंचे विमानही एका अर्थी घरगुतीच, सायकलच्या दुकानात घडलेले. त्यांचे पाण्याने थंड होणारे इंजिन सुरू होताच सोळा अश्वशक्ती देई आणि मिनिटभरात तापून बारावर येई. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्या बारा अश्वशक्तींवरच ते उडाले. उष्णता किती शक्ती खाते याचा हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला होता.

मरुत्सख्याचा पारा या हिशेबात कोठे बसतो? पारा ३५७ अंशांवर उकळतो, एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलोंहून अधिक भरते आणि त्याची वाफ विषारी असते. तो सूर्याच्या उष्णतेवर तापत असे, असेही सांगतात. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट ऊन पडते. राइट बंधूंची बारा अश्वशक्ती मिळवायला, ऊन कणभरही वाया न घालवता, नऊ चौरस मीटर आरसे लागले असते. प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट. आणि नुसता पारा तापवून विमान पुढे ढकलले जात नाही. १९६४ साली ‘नासा’ने अंतराळात पाऱ्याचे आयन इंजिन चालवले, त्याचा दाखला काही जण उत्साहाने देतात, पण त्या इंजिनाचा जोर काही ग्रॅम वजनाइतकाच होता आणि तोही निर्वात पोकळीत. बांबूच्या सांगाड्यात उकळता पारा ठेवायचा तर त्याच्याभोवती ढाल कशाची होती, याचे उत्तर दंतकथेत मिळत नाही.

तळपद्यांच्या आयुष्यातला दुसरा धागा दक्षिणेकडून येतो. पंडित सुब्बराय शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विमानाच्या प्रतिकृती तयार करून पाहिल्या. त्यांपैकी एकही उडू शकली नाही, अशी नोंद आहे. शास्त्रींनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतलेला ग्रंथ ‘वैमानिक शास्त्र’ म्हणून प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली तो तपासला. त्यातील भाषा अर्वाचीन असून ग्रंथ १९०४च्या आधीचा नाही आणि वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याच महिन्यात तळपद्यांच्या जीवनावर बेतलेला ‘हवाईजादा’ चित्रपट आला, आणि वादाला नव्याने तोंड फुटले. त्या वादात दोन्ही बाजूंना तळपदे हे केवळ हत्यार म्हणून हवे होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

प्रतिकृती उडाल्या नाहीत, ही नोंद मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते. शिक्षकाच्या मिळकतीतला माणूस, पाठीशी कारखाना नाही, हलके इंजिन बाजारात नाही, आणि तरीही तो बांधत राहिला. डिसेंबर १९१०मध्ये अलाहाबादच्या प्रदर्शनासाठी परदेशी विमाने आली आणि भारताच्या आकाशात उडाली, तेव्हा तळपदे सेहेचाळीस वर्षांचे होते. युरोपात तोवर इंजिनच गरगरा फिरवून ते वाऱ्याने थंड करण्याची युक्ती रुळली होती. अशा इंजिनांवरची गोल काउलिंगे उडणारे एरंडेल तेल अडवत असत.

१९१६ साली तळपदे वारले. विमानाचे अवशेष त्यांच्या नातलगांनी रॅली ब्रदर्स या कंपनीला विकले, असे सांगितले जाते. तेही दंतकथेतच जमा करावे लागते. जुहूचा विमानतळ त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले. जन्मभर चित्रकला शिकवणाऱ्या या माणसाचा एक तरी अस्सल आराखडा अभ्यासकांच्या हाती असता, तर त्या बांबूच्या सांगाड्यात इंजिनाची जागा कोठे होती एवढे तरी दाखवता आले असते.