संत व्हिन्सेंट डी पॉल : ध्यान आणि दान

संत व्हिन्सेंट डी पॉल यांचें नांव घेतांच गोरगरिबांस अन्नवस्त्र देणारे वत्सल धर्मगुरु डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु दानासाठीं पुढें होणारे ते हात प्रथम प्रार्थनेंत जोडले जात, हें आपण सहसा स्मरत नाहीं.

त्यांचा जन्म इ. स. १५८१ मध्यें फ्रान्सच्या नैर्ऋत्येस पुई नामक खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणीं ते गुरेंमेंढरें राखीत. इ. स. १६०० मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. तथापि चांगल्या उत्पन्नाची जागा मिळावी व घरच्यांस सुख द्यावें, हीच आरंभीं त्यांची खटपट होती. पुढें पॅरिस येथें बेर्युल या धर्मगुरूंच्या मार्गदर्शनानें व प्रभुकृपेनें त्यांचें मन हळूहळू पालटलें.

इ. स. १६१७ मध्यें शातियाँ गांवीं ते रविवारच्या मिस्सेची वस्त्रें धारण करीत असतां, गांवाबाहेर एक सबंध कुटुंब आजारानें पडून आहे, अशी वार्ता आली. त्यांनीं उपदेशांत तें सांगतांच लोक अन्न घेऊन लोटले. आज उदंड अन्न आणि उद्यां उपास, असें होऊं नये म्हणून त्यांनीं स्त्रियांचें मंडळ स्थापून सेवेच्या पाळ्या लावून दिल्या. इ. स. १६३३ मध्यें लुईज द मारियाक यांच्यासह त्यांनीं दयाभगिनींचा संघ स्थापिला. या भगिनी मठाच्या भिंतींआड न राहतां रस्त्यांतून रोग्यांच्या दारीं जाऊं लागल्या.

एवढ्या व्यापांतही पहाटे चार वाजतां उठून एक तास मौन ध्यान करण्याचा त्यांचा व त्यांच्या मंडळींचा नियम होता. ध्यान टिकेल तोंवरच संघ टिकेल, असें ते शिकवीत. तरीही ध्यानसमयीं रोग्याची हाक आली तर निःशंकपणें उठावें, कारण देवाला सोडून आपण देवाकडेच जातों, अशीही त्यांची शिकवण होती.

२७ सप्टेंबर १६६० रोजीं खुर्चींत बसले असतांच त्यांनीं देह ठेविला. इ. स. १७३७ मध्यें त्यांस संतपद देण्यांत आलें, इ. स. १८८५ मध्यें तेरावे लिओ पोप महाराज यांनीं त्यांस दयाकार्यांचे आश्रयदाते संत ठरविलें.

प्रिय बंधुभगिनींनो, या महोत्सवीं आपण केलेल्या दानाचे आंकडे आपण मोजूं. परंतु गरिबाच्या दारीं जाण्यापूर्वीं आपण प्रभूपुढें किती वेळ गुडघे टेकतों? हा प्रश्न मी प्रथम स्वतःसच विचारतों. प्रार्थनेवांचून गेलों, तर अन्न पोहोंचेल. प्रेम पोहोंचेलच, असें नाहीं.