विल्यम केरी : हुगळीपलीकडील मंडळी

विल्यम केरी (१७६१-१८३४) यांचे नाव मराठीचा अभ्यासक १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतील कोश यांमुळे घेतो. ज्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या आश्रयाने ही कामे झाली, तिच्याकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या मुलखात थारा देईना. म्हणून जानेवारी १८०० मध्ये केरी हद्द ओलांडून बंगालमधील श्रीरामपूर या डॅनिश वसाहतीत आले. मार्शमन व वॉर्ड यांच्यासह नदीकाठी घेतलेल्या घराचे दालन हेच प्रार्थनामंदिर झाले. लगतच छापखाना उभा राहिला. वर्षअखेरीस कृष्ण पाल या सुताराचा हुगळीत बाप्तिस्मा झाला.

१८०१ पासून केरी कलकत्त्यास फोर्ट विल्यम महाविद्यालयात शिकवू लागले. ज्या सरकारने मिशनला थारा नाकारला, त्याचाच पगार मंडळीच्या सामाईक निधीत पडू लागला, हा योग विलक्षणच. मराठीसाठी त्यांना पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. त्याचे मोल आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरते केलेले नाही. घरी पत्नी डोरोथी १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत मनोविकाराने ग्रस्त होत्या. मार्च १८१२ च्या आगीत छापखाना व हस्तलिखिते जळाली. केरींनी भाषांतरे पुन्हा हाती घेतली. ९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपुरातच निवर्तले. ती वसाहत डेन्मार्कने कंपनीला विकली, ती १८४५ मध्ये.