ना कॉलेज, ना पुस्तक. तरी विशीतल्या एका तरुणाने मराठीला बातमी लिहायला शिकवलं

आज पत्रकारितेच्या कोर्सला ॲडमिशन घेतली की पहिल्याच आठवड्यात सहा ‘क’ शिकवले जातात. काय, कोण, कुठे, कधी, का आणि कसं. बातमीत या सहा प्रश्नांची उत्तरं आली की पाया पक्का.

पण ज्या काळात मराठीत वर्तमानपत्रच नव्हतं, तेव्हा बातमी लिहायची कशी हे कोण शिकवणार? ते ज्यांनी स्वतःच शिकून घेतलं, त्या बाळशास्त्री जांभेकरांची ही गोष्ट.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा. गाव कोकणातलं पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं. वडील गंगाधरशास्त्री विद्वान, त्यामुळे संस्कृतचं शिक्षण घरातच झालं. पुढे ते मुंबईत आले आणि इंग्रजी शिकले. मग भाषांचा नादच लागला. गुजराती, बंगाली, फारसी, फ्रेंच अशा अनेक भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

याचा फायदा असा झाला की देशात काय छापलं जातंय हे त्यांना वाचता येत होतं. बंगालीत १८१८ पासून ‘समाचार दर्पण’ निघत होतं, गुजरातीत १८२२ पासून ‘मुंबई समाचार’. मुंबईतल्या इंग्रजांची तर स्वतःची वर्तमानपत्रं होतीच. मराठी माणसाच्या हातात मात्र काहीच नव्हतं.

६ जानेवारी १८३२ रोजी ही उणीव भरून निघाली. गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, यांना सोबत घेऊन बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ सुरू केलं. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम वीस.

‘दर्पण’ची मांडणी वेगळी होती. पानावर दोन रकाने, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. एकाच अंकातून इथल्या लोकांना नवं ज्ञान मिळावं आणि इंग्रज सरकारला लोकांचं म्हणणं कळावं, असा हिशोब होता. शिवाय शेजारी शेजारी छापल्यामुळे साहेबाला एक आणि रयतेला दुसरंच सांगायची सोय नव्हती. ज्याला दोन्ही भाषा येतात, तो लगेच पडताळून पाहू शकत होता.

भाषेचं काम त्याहून अवघड होतं. मराठीत ओव्या होत्या, बखरी होत्या, दरबारी पत्रव्यवहारही होता. पण जगात काय घडतंय हे सामान्य वाचकाला सरळ सांगणारं गद्य तयार व्हायचं होतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला तोच १८३१ साली, म्हणजे ‘दर्पण’च्या फक्त एक वर्ष आधी. अशा वेळी बाळशास्त्री देशोदेशीच्या बातम्या, विधवांच्या पुनर्विवाहासारखे सामाजिक प्रश्न आणि वाचकांची पत्रं मराठीत छापत होते.

सुरुवातीला पाक्षिक असलेलं ‘दर्पण’ काही महिन्यांत साप्ताहिक झालं. पण वर्गणीदार मोजकेच. पैसे देऊन वर्तमानपत्र घ्यायची सवयच लोकांना नव्हती. तरीही ते साडेआठ वर्षं चाललं आणि १८४० मध्ये बंद पडलं.

बाळशास्त्री थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं. त्यात भूगोल, इतिहास, विज्ञान असे विषय सोपे करून सांगितलेले असायचे. म्हणजे आजच्या भाषेत एक्सप्लेनरच की!

दुसरीकडे एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकवत होते. दादाभाई नौरोजी त्यांचेच विद्यार्थी. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची छापील आवृत्तीही काढली.

जे लिहिलं त्याची किंमत मोजायची वेळही आली. १८४३ साली मिशनऱ्यांकडे गेलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला परत हिंदू धर्मात घ्यायचा प्रश्न निघाला. सनातनी मंडळींचा कडाडून विरोध होता. बाळशास्त्री मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि स्वतःच्याच समाजाचा रोष ओढवून घेतला.

मे १८४६ मध्ये आजारपणाने त्यांचं निधन झालं. वय अवघं चौतीस. आज ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून साजरा होतो.

आता थेट पालघरच्या किनाऱ्यावर येऊ. मुरबे गावात बंदर प्रस्तावित आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. अशा कुठल्याही प्रकल्पाचे जाडजूड अहवाल येतात, त्यातलं बरंचसं तांत्रिक इंग्रजीत असतं आणि मोबाईलवर येतात ते फॉरवर्ड. होडी कुठे लावायची, जाळं कुठे टाकायचं, हे ज्याच्यावर ठरणार आहे ते त्या माणसाला त्याच्या भाषेत, नीट तपासून कोण सांगणार?

बाळशास्त्रींनी दोन रकाने आखले ते याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. कागदाच्या जागी स्क्रीन आली, पण प्रश्न तोच आहे आणि सहा ‘क’ही तेच आहेत.